ओल्या रंगावरून गेलेली कोंबडी
ओलं तैलचित्र पापडांच्या शेजारी बाजेवर उन्हात वाळत घालणारी सून गडमुडशिंगीत माझ्याआधी कुणी पाहिली नव्हती. आज नातीनं रंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासानं ती दुपार समोर उभी राहिली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातल्याच कोंबड्या रंगवल्या होत्या. जवळून बघितलं तर नुसते पिवळे-हिरवे-पांढरे फटकारे, पण चार पावलं मागं सरकलं की कोंबड्या उन्हात दाणे टिपायला लागायच्या. ‘उद्या कोल्हापुरात प्रदर्शनाला द्यायचंय, अन् अजून ओलं हाय,’ असं ते सकाळी पुटपुटले, आणि ही नवी नवरी लागलीच मदतीला धावली! पाणी घेऊन परत येते तो आमची खरी पांढरी कोंबडी पापड टोचत टोचत थेट चित्रावरून चालत गेलेली. चित्रातल्या उन्हात तिच्या पंजांचे ठसे, आणि तिचे पाय हिरवेगार. आता मामंजी मला माहेरी धाडणार, असंच वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं, आणि मी बावळट चित्रासमोर पदर पसरून उभी! मामंजींनी मला बाजूला केलं, चित्र बघितलं, मग कोंबडी बघितली. ते ओरडले, ‘चित्र परत काढता येतंय की! ती पायाचा रंग खाऊन मेली तर मी काढू कुणाला बघून? धर तिला आधी!’