साखळीकडचा कप

सायकली दुरुस्त करणाऱ्या वहिनींचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं, "नुसती हवा भरा," तरी त्या ट्यूब काढून पाण्यात बुडवून बघायच्या. दिराचं नाव निघालं की मग विचारायलाच नको. नवरा गेला तेव्हा दिराने त्याची सायकल "जपून ठेवतो" म्हणून नेली. विकून खाल्ली असणार, असं वहिनींनी तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि आज तोच दीर सायकल घेऊन पायरीखाली उभा. नवाकोरा निळा रंग, सांगाड्यावरचा नंबर रंगाखाली गडप.

"वहिनी, दादाचीच आहे. पोरीला द्या. पायडलचा आस तेवढा खडखडतो."

"रंग कशाला फासलात?"

"गंज चढला होता."

म्हणे गंज! चोराच्या मनात चांदणं. लेकीने बापाची म्हणून कुणा भलत्याचीच सायकल उराशी धरावी, हे वहिनींना सोसणारं नव्हतं. त्यांनी क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, उतरवले आणि आस बसतो त्या नळीची रुंदी मोजायला व्हर्निअर लावला. अडुसष्ट मिलिमीटर. म्हणजे साधा, नेहमीचा सांगाडा. त्यात आस धरून ठेवणाऱ्या दोन कपांपैकी साखळीकडच्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की कप सुटतो. वहिनींनी फिरवला. तेल सोडलं, पान्यावर सगळा भार टाकला. कप ढिम्म हलेना.

"बघा, काहीतरी काळंबेरं आहेच," त्या पुटपुटल्या, आणि वैतागून पाना उलट दिशेने ओढला.

कप अलगद सुटला.

वहिनींनी कप उजेडात धरून आटे निरखले. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने पान्याला पाइप लावून, फुशारकीत, याच बाजूचा कप चुकीच्या दिशेने रेटला होता आणि आटे फाडले होते. मग लेथवाल्याकडून नळीत मोठे आटे पाडून घेतले, दोन्हीकडे सुलटे. "मिस्तरी असून असली चूक! कुणाला बोलू नकोस," म्हणाला होता. त्या बोलल्या नव्हत्या. त्याच्या सख्ख्या भावालाही ते ठाऊक नव्हतं.

नळीचं माप एक आणि आटे दुसरेच. अशी सायकल एकाच माणसाची.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "बाहेर का उभे? आत या."

"तुम्हीच म्हणाला होता, पायरी चढू नका म्हणून."

वहिनींना रडू आवरेना. तेलकट हातांनीच त्यांनी स्टूल पुसलं आणि पुढे सरकवलं.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. बसा."