निशाणाच्या पुढे गेलेली चाकं

आमच्या घरात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. बाबा चिकपेटच्या शिलाईच्या दुकानाकडे निघाले आणि चष्मा घरीच राहिला, तरी आई तो हातात धरून दारात गप्प उभी राहते. बाबांना आठवलं तर ते परत येतात. ही सवय माझ्यात किती खोल गेली आहे, ते मला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात कळलं.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रकल्प असा, की शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर दोन आसनांचं शिकाऊ विमान किती धावल्यावर जमीन सोडेल याचा अंदाज काढायचा आणि तिथे कडेला निशाण रोवायचं. निशाण बाबांनी केशरी कापडाच्या तुकड्यातून शिवून दिलं होतं. बंगळूर उंचावर, हवा विरळ. ऊन चढलं की विमान आणखी लांब धावतं. हे सगळं मला पाठ होतं.

चाचणीच्या दिवशी मी सकाळच्या गारव्यावर आणि समोरच्या वाऱ्यावर आकडा काढला. मग रेडिओ बिघडला आणि उड्डाण दोन तास लांबलं. तेवढ्यात इंधनाची टाकीही काठोकाठ भरली गेली, म्हणजे विमान आणखी जड झालं. प्रशिक्षक सरांनी माझा कागद पाहिला.

"हिशेब सरी ना? बरोबर आहे ना?"

मी मान हलवली. सर आणि त्यांच्याकडे विमान चालवायला शिकणारी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो ती, विमानाकडे चालू लागले, तेव्हा माझं लक्ष वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे गेलं. ती लुळी लोंबत होती, समोरचा वारा पडला होता. ऊन चढलं होतं. हातातला आकडा सकाळचा होता.

दोघांच्या पाठी माझ्यापासून वीस पावलांवर असतील. 'सर' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग इंजिन सुरू झालं.

विमान निशाणाजवळ आलं तेव्हा चाकं जमिनीवरच होती. निशाण मागे पडलं. चाकं अजून जमिनीवरच. पुढे कुंपणाची भिंत आणि नारळाची झाडं. मी हात वर केला, कशासाठी ते माहीत नाही. शेवटी विमानाने जमीन सोडली आणि ते झावळ्यांवरून गेलं.

उतरल्यावर सरांनी विचारलं, "चूक कधी कळली?"

"तुम्ही निघालात तेव्हा."

"मग हाक का नाही मारलीस?"



"तोंड घरी ठेवून आलास काय रे?" अक्का म्हणाली. हसत होती, पण पाण्याची अख्खी बाटली तिने एका दमात संपवली.

"माझंही चुकलं," सर म्हणाले. "मी फक्त विचारलं, तपासलं नाही."

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"हाक मारायची नाही. धावत पुढे जायचं आणि समोर उभं राहायचं."

सुरू झालेल्या विमानासमोर कुणी उभं राहत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी बाबा निघाले. चष्मा घरच्या शिलाई मशीनवरच होता. मी तो उचलला, दारापर्यंत गेलो, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तसाच उभा राहिलो.