दोनदा मेलेला किल्लेदार

मंगळवेढ्याचं धान्याचं दुकान बंद करून अप्पा, म्हणजे माझे वडील, सोलापुरात माझ्याकडे राहायला आले आणि लगेच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने उतरायला बंदी. मी विमा कचेरीत नोकरी करते, त्यामुळे आठवडाभर ते गॅलरीत बसून मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकत राहायचे. रविवारी मी कॉम्प्युटरवर खेळायला बसले की खुर्ची ओढून शेजारी यायचे.

माझा खेळ गड वसवण्याचा. डोंगर पोखरायचा, खोल्या काढायच्या, बोटाच्या पेराएवढ्या माणसांना कामं नेमून द्यायची आणि ती कशी जगतात ते बघायचं. अप्पांना तो आवडला. कोठारात धान्य किती उरलंय हे ते माझ्या आधी बघायचे.

बोलता बोलता मी त्यांना माझ्या एका जुन्या गडाची गोष्ट सांगितली. बरीच वर्षं खपून उभा केलेला गड एका हिवाळ्यात अन्न संपून बसला होता. माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, किल्लेदारही त्यातच मेला. मला बघवेना, मी तो गड तसाच सोडून दिला. अप्पांनी विचारलं की मेलेल्यांचं पुढं काय केलं. मी म्हटलं, काही नाही, पडून असतील.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावात कुणी गेलं की अप्पा दुकानाचं शटर ओढून सगळ्यांच्या आधी खड्डा बघायला जायचे, माती भुसभुशीत आहे का, खोली पुरेशी आहे का. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. खेळात ओसाड गडावर नवी टोळी पाठवता येते. ती मी पाठवली.

दार उघडलं आणि पहिली शिसारी आली. कोठारात नीट लावून ठेवलेला एकूण एक जिन्नस गडभर उधळलेला होता. कुणी तसं केलं नव्हतं, खेळातलाच तो दोष. पायऱ्यांवर माशांची डोकी, विहिरीच्या काठावर मळके मोजे, झोपायच्या खोल्यांत सडलेल्या अळंब्यांचे ढीग. खेळात सडक्या वस्तूतून जांभळा धूर निघतो. तो धूर दालनादालनांतून लोळत होता आणि त्यात शिरलेलं प्रत्येक माणूस ओकत होतं. त्या ओकाऱ्याही सुकत नव्हत्या. हिरवट डाग तळव्यांना चिकटून भटारखान्यात जायचे, तिथून ताटापर्यंत.

दुसरा घोळ असा की जुन्या गडातली कुठलीच वस्तू नव्या माणसांना आपली वाटेना. चांगल्या धान्याची पिंपं भरलेली, आणि त्यांच्याच शेजारी बसून माणसं उंदीर धरून खात होती. एकेका पिंपाला हात लावायची परवानगी मला स्वतः द्यावी लागली. अप्पा भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसले होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

खालच्या बोळात हाडं सापडली. पाथरवटांना लावून मी दगडी पेट्या करवून घेतल्या, ओळीनं मांडल्या. कुणी हाडांना शिवेना. खेळातल्या नोंदी बघितल्यावर कळलं की मेलेली माणसं जुन्या गडाच्या खाती होती. नव्या गडाच्या हिशेबी इथं अजून कुणी मेलंच नव्हतं. त्यामुळं पुरायचंही कुणाला नव्हतं. माणसं त्या हाडांवरून पाय टाकून कोठारात ये-जा करायची, आणि शेजारच्याच दालनात पंगत बसायची.

"आदी त्यास्नी मातीआड करा," अप्पा म्हणाले. "मग चूल पेटवा. ही काय रीत हाय व्हय?"

मी त्यांना समजावलं की हे माझ्या हातात नाही. ते म्हणाले, मग कुणाच्या हातात हाय?

पुढच्या रविवारी गडावर नवे रहिवासी आले आणि त्यांच्यात जुना किल्लेदार होता. आधी मला नामसाधर्म्य वाटलं. पण दाढी तीच, डाव्या हाताचं तुटलेलं बोट तेच, जुन्या लढाईच्या आठवणीही त्याच. खेळानं त्याला कुठंतरी जिवंत धरलं होतं आणि आता परत पाठवलं होतं. त्याची हाडं खालच्या बोळात अजून होती. तो सरळ आपल्या जुन्या खोलीत गेला, आपल्या पलंगावर झोपला. उठला तेव्हा थंडीसाठी अंगरखा शोधायला लागला आणि शोधत शोधत खाली उतरला.

तिथं त्याच्या स्वतःच्या सांगाड्यावर एक अंगरखा होता. फाटका, रक्तानं कडक झालेला. त्यानं तो उतरवून घेतला आणि घातला. मग वर येऊन जेवायला बसला.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. अप्पा उठले, वॉकर टेकत आत गेले आणि चूळ भरल्याचा आवाज आला. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतं म्हणून एरवी तांब्या तांब्या जपणारे अप्पा बराच वेळ चुळा भरत होते.

मला वाटलं आता ते बघणार नाहीत. पण संध्याकाळी त्यांनीच विचारलं की त्या अंगरखेवाल्याचं काय झालं. मी परत खेळ लावला. किल्लेदार विहिरीवर पाणी शेंदत होता. काठ ओकाऱ्यांनी निसरडा झाला होता, त्याचा पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं आणि तो तिथंच गेला. दुसऱ्यांदा.

यावेळी मृत्यूची नोंद झाली. एक पेटी त्याच्या नावावर लागली, दोन माणसं निघाली. अप्पा पुढं वाकले. मला खरोखर बरं वाटलं, एकाला तरी माती मिळेल. ती माणसं विहिरीपाशी आली, प्रेताला वळसा घालून खालच्या बोळात गेली, त्याचीच जुनी हाडं उचलली आणि पेटीत ठेवली. झाकण बसलं. विधी पूर्ण झाल्याचा संदेश आला.

ताजं प्रेत काठावरच राहिलं. त्याच्यासाठी आता पेटी नव्हती, कारण खेळाच्या हिशेबी तो पुरला गेला होता. तो फुगला, जांभळा धूर सोडायला लागला, आणि गडाची माणसं त्याच्यावरून वाकून पाणी काढत राहिली, पीत राहिली. एकानं तर त्याच्या पायातले जोडे काढून नेले.

"बंद कर पोरी," अप्पा म्हणाले.

मी बंद केलं. नुसतं बंद नाही, तो गड कायमचा पुसून टाकला. पुसायला एकच क्षण लागला आणि त्याचीही मला किळस आली. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं, असंही वाटलं, आणि इतकं सोपं का असावं, असंही.

जेवायला बसलो तेव्हा दोघांनाही घास जाईना. मी ताक केलं. अप्पा पेल्याकडे बघत म्हणाले, "माझं येकदाच कर. पर नीट कर."

मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली: जागा मंगळवेढ्याचीच, तुझ्या आईच्या शेजारची. बेल ताजा हवा. अंगावर नवं कापड, दुसऱ्याचं काही घालायचं न्हाय. मी ऐकत होते. आजवर हा विषय मी काढू दिला नव्हता. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी भाकरी मागितली, आणि मी तवा ठेवला.