रमीलाबेनच्या रसोड्यावर संडास होत नाही

मित्रांनो, आज सकाळी सोसायटीने आमच्या घरातलं काम बंद पाडलं. तेव्हापासून मन कशात लागत नाही.

हिचे गुडघे पार गेलेत. हॉल ओलांडून संडासला नेताना मी तिचा हात धरून शाळेतली एखादी कविता म्हणतो. पूर्वी दुसऱ्या कडव्यातच आम्ही दाराशी पोचायचो. हल्ली कविता संपते, दार येत नाही. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यातच छोटा संडास बांधायला घेतला.

आधी राहायचो त्या बमरोलीच्या चाळीत काम काढलं की शेजाऱ्यांना सांगायचं, एवढाच नियम होता. इथेही मी पेढे घेऊन, घरात काम काढतोय, असं वर-खाली सांगून आलो. खालच्या मजल्यावरच्या रमीलाबेन म्हणाल्या, "करो ने काका, एमां शुं!" करा की, त्यात काय! मला तीच परवानगी वाटली.

आज पहिली फरशी निघाली आणि सेक्रेटरी परेशभाई वर आले.

"काका, कमिटी को नक्शा बताया? इसके नीचे रमीलाबेन का रसोडा है. रसोडे के ऊपर संडास नहीं होता, नियम है."

"पण त्यांनी हो म्हटलंय."

मागे रमीलाबेन उभ्याच होत्या. "काका, मुझे लगा टाइल्स बदलते हो," त्या हळूच म्हणाल्या.

भांडणार कुणाशी? माझ्या चुलीवर कुणी संडास बांधला असता, तर मीही नाहीच म्हटलं असतं.

कारागीर गेले. पलंगावरून ही म्हणाली, "जाऊ द्या हो. मी पाणी कमी पिईन."

नियम पाळून यातून कुणी वाट काढली आहे का? असेल तर आजच सांगा. दुपारपासून तिने खरंच तांब्या दूर सरकवलाय.