राखाडी खोलीतले दूध

संगमनेरात रंगांविषयी मत प्रत्येकाला आहे आणि ज्ञान फक्त एकाला, असे त्या एकाचे, म्हणजे फिलिप भिंगारदिवे यांचे, गेली बावीस वर्षे म्हणणे होते. वय त्रेपन्न, पुण्याहून घेतलेली उपयोजित कलेची पदविका, आणि नोकरी नाशिक-पुणे रस्त्यालगत कल्याणशेठांच्या ऑफसेट छापखान्यात. छपाईला जाणारे प्रत्येक चित्र संगणकावर तपासून त्याचे रंग शाईला झेपतील असे करून देणे हे त्यांचे काम, आणि ते काम कोणालाही कळत नाही ही त्यांची तक्रार. कामाला आठ तास पुरत. तक्रारीला पुरत नसत.

तक्रार अगदीच निराधार नव्हती. लोक पत्रिकेवरची पैठणी मोबाईलवर पाहत, ‘ओके’ कळवत आणि छापून हाती आली की ‘ही आमची नव्हे’ म्हणत. फिलिपसर समजावीत, की मोबाईलचा पडदा रंग उजेडातून घडवतो आणि छापखाना चार शायांतून. दोघांची भाषा निराळी. त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे कलर प्रोफाइल. अमुक यंत्रावर, अमुक शाईने, अमुक कागदावर कोणता रंग कसा उमटेल, याची मोजून ठेवलेली ती नोंद. दुभाषी चुकीचा नेमला, की निळी पैठणी जांभळी होते. ग्राहक हे सारे शांतपणे ऐकून घेई आणि विचारी, “मग आमच्या मोबाईलवर बरोबर कशी दिसते?”

अशा जगापासून बचाव म्हणून सरांनी छापखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली मिळवली होती. भिंती राखाडी, कारण रंगीत भिंत डोळ्याला फसवते. खिडकी कायमची बंद. दिवा एकच, दिवसाच्या उजेडाइतका पांढरा. चप्पल बाहेर, कारण धूळ. आणि दाराशी खिळ्याला टांगलेली राखाडी शाल. आत येणाऱ्याच्या कपड्यांची झाक पडद्यावर पडू नये म्हणून ती अंगावर घ्यावी लागे. यंत्र चालवणारा कानिफनाथ म्हणे, “सर, इथं आलं की कुनाच्या तरी दहाव्याला आल्यागत वाटतं.” त्यामुळे तो शक्यतो येतच नसे.

त्या खोलीवर आता शेठांची नजर होती. त्यांना लॅमिनेशनचे नवे यंत्र ठेवायचे होते.

“फिलिप, त्या खोलीत एक माणूस आणि एक तक्रार राहते,” शेठ म्हणाले. “दोघांना बाहेर टेबल देतो. पत्र्याखाली उजेडही भरपूर आहे.”

“शेठ, त्या उजेडात वांगे आणि बीट यांतला फरक कळत नाही.”

“ग्राहकाला कळतो. तो मोबाईलवर बघतो.”

हे वाक्य सरांना फार लागले. त्यांनी भर छापखान्यात जाहीर केले, की येणाऱ्या कॅलेंडरात रंग चुकला, तर खोलीची किल्ली आपण स्वतः आणून देऊ. शेठांनी लगेच कानिफनाथाला साक्षीदार नेमले.

कॅलेंडर होते प्रवराकाठच्या एका महिला दूध संस्थेचे. अध्यक्षा इंदूताई; तीस वर्षे दूध संकलन केंद्रावर बसलेल्या. यंत्राचा आकडा उमटण्याआधी नुसते दूध पाहून त्या पाणी सांगत, आणि यंत्र सहसा त्यांच्याशी सहमत होई. जानेवारीच्या पानावर त्या स्वतः होत्या, हातात दुधाने भरलेला काचेचा पेला.

सरांनी या पेल्यावर दोन दिवस घालवले. आर्ट पेपरची, म्हणजे चकचकीत कागदाची, प्रोफाइल त्यांनी स्वतः मोजून बनवली होती. ती लावली, चकचकीत कागदावर नमुना काढला, राखाडी खोलीत दिव्याखाली धरला. दूध असे उतरले होते, की वर साय धरेल. नमुन्याच्या कोपऱ्यात त्यांनी पूर्ण सही केली.

छपाईच्या दिवशी इंदूताई स्वतः आल्या, पोपटी साडी नेसून. चहासाठी दुधाची किटलीही घेऊन आल्या, कारण बाहेरच्या दुधावर त्यांचा विश्वास नव्हता. कानिफनाथाने पहिले पान काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पेल्याकडे पाहिले.

“यात पानी हाय.”

“ताई, फोटू हाय त्यो,” कानिफनाथ म्हणाला.

“फोटूत हाय. निळं मारतंय. आमच्या केंद्रावर असलं दूध आलं तर मी कॅन माघारी धाडते, आन् इथं माज्याच हातात दिलंय.”

आरडाओरडा ऐकून सर बाहेर आले. अडाणीपणाचा एक नवा नमुना पाहायला मिळणार, या कडवट समाधानाने त्यांनी सुरुवात केली, की दोष पानाचा नसून ट्यूबलाइटचा आहे; प्रमाणित दिव्याखाली पाहिल्याशिवाय रंगाबद्दल बोलणे हे व्याकरणाशिवाय संस्कृत बोलण्यासारखे आहे. सगळे राखाडी खोलीत गेले. चपला बाहेर राहिल्या. इंदूताईंपुढे शाल धरली गेली.

“कोन वारलंय?” त्यांनी विचारले, पण घेतली.

दिवा लागला. सरांनी पान त्याखाली ठेवले. दूध बाहेर होते त्याहून निळे दिसू लागले.

“हितं तर नदीच सोडली,” इंदूताई म्हणाल्या.

शेठ नजरेने खोलीची लांबी मोजत होते.

सरांनी पान उचलले आणि त्यांचा अंगठा कडेवर थबकला. कागद खरखरीत होता. चकचकीत नव्हता, साधा होता. आणि साधा म्हणजे तो निळसर पांढरा, जो चांगल्या दिव्याखाली अधिकच निळा चमकतो. छापखान्यात पांढरी शाई नसते. पांढरे म्हणजे कोरा सोडलेला कागद. कागद निळा, म्हणून दूध निळे. सरांचा दुभाषी एका कागदाची भाषा बोलत होता आणि यंत्रावर दुसराच कागद बसला होता.

“कागद कोणी बदलला?”

“ग्रुपवर टाकलं होतं,” शेठ म्हणाले.

छापखान्याचा व्हॉट्सअॅप गट होता; ग्राहकांसह सगळे त्यात होते, सरही नावापुरते. ज्या जागी रंग अंगठा दाखवून मंजूर होतात, तेथे आपण पाऊल ठेवायचे नाही, हे सरांचे तत्त्व होते. तत्त्वापोटी साचलेले चारशे बारा निरोप आता त्यांनी सर्वांसमक्ष उघडले. अकरा दिवसांपूर्वी इंदूताईंनी लिहिले होते: ‘चकचकीत कागद नको. त्यावर बॉलपेन उठत नाही. गाय कुठल्या तारखेला भरवली, कधी व्यायची ते बाया कॅलेंडरवरच लिहितात.’ खाली शेठ: ‘ठीक. साधा कागद घेऊ.’ त्याखाली कानिफनाथ: ‘सरांना सांगा.’ त्याखाली शेठ: ‘सर ग्रुपवर आहेत.’

“आणि तू कागद चढवताना एकदा येऊन बोलला नाहीस?” सरांनी कानिफनाथाला विचारले.

“चपला काढायच्या, शाल घ्यायची,” कानिफनाथ जमिनीकडे पाहत म्हणाला. “कट्टाळा केला, सर.”

फिलिपसरांच्या आयुष्यात चूक नेहमी दुसऱ्याची असे. ती सवय इतकी जुनी होती, की ही चूक कोणाच्या नावे घालावी हे त्यांना पटकन सुचेना. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून संगणकापुढे बसले.

“किल्ली शेठांची,” ते म्हणाले. “पण दूध आधी दुरुस्त होईल.”

साध्या कागदाची प्रोफाइलही त्यांनी कधीकाळी मोजून ठेवली होती आणि तुच्छतेने ‘कनिष्ठ’ नावाच्या फोल्डरात टाकली होती. ती बाहेर आली. कागदाचा रंगही पडद्यावर दाखव, असे त्यांनी संगणकाला सांगितले. पडद्यावरचे दूध क्षणात पातळ झाले.

“आत्ता बाहेरच्यावानी दिसलं,” इंदूताई म्हणाल्या. बावीस वर्षांत त्या खोलीत हे वाक्य प्रथमच उच्चारले गेले.

त्यांनी किटलीतले दूध काचेच्या पेल्यात ओतून दिव्याखाली ठेवले. सरांनी पेल्यातल्या कोऱ्या भागात किंचित पिवळा चढवला.

“म्हशीचं झालं. आमची संस्था गाईची.”

आणखी चढवला.

“हा तर चीक. गाय कालच व्यायलीय. खरवस करा याचा.”

पिवळा उतरवून सरांनी लालसर झाक दिली.

“दगडी झाली कासेला. डॉक्टर बोलवा.”

सरांनी लाल निम्म्यावर आणला, मग त्याच्याही निम्म्यावर. त्यांच्याकडचे मोजयंत्र जेथे फरक नाही असे सांगत होते, तेथे ही बाई गाय, म्हैस आणि आजार वेगवेगळे काढत होती. असा डोळा त्यांना आयुष्यात भेटला नव्हता, आणि भेटला तो पोपटी साडीत, हे त्यांना थोडे अन्यायाचे वाटले.

“थांबा,” इंदूताई म्हणाल्या. पडद्याकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले. “हे घेईन मी केंद्रावर.”

छपाईच्या नव्या प्लेटा झाल्या, पान निघाले, तेही ताईंनी खोलीत आणून दिव्याखाली धरले आणि मान हलवली. शेठांनी टेबलावरची किल्ली उचलली.

“तर उद्यापासून इथे लॅमिनेशन.”

“आन् बाकीची अकरा पानं मी कुठं बघू?” इंदूताईंनी विचारले. “बाहेर ट्यूबखाली निस्तं पानी कळतं. गाय का म्हस ते हितंच कळतं. खोली गेली तर कॅलेंडर दुसरीकडं.”

शेठांनी लॅमिनेशनचे यंत्र मनातल्या मनात बाहेर पत्र्याखाली सरकवले. किल्ली टेबलावर परत आली. मात्र दोन अटींवर. चपलांचा नियम रद्द, आणि सरांनी रोज ग्रुप वाचायचा.

“शाल?” सरांनी विचारले.

“शाल ऱ्हाऊ द्या,” इंदूताई म्हणाल्या. “पोपटी लईच मारतोय तुमच्या पडद्यावर. मी बघितलं.”

दुसऱ्या दिवशी फिलिपसरांनी गटावर आपला पहिला निरोप लिहिला. चार परिच्छेद, पूर्णविरामांसह: कागद बदलताना कोणी कोणास, कधी आणि कशा प्रकारे कळवावे. दोन तासांनी कानिफनाथाने हिरव्या चौकोनातली बरोबरची खूण पाठवली.

सरांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि उत्तर लिहिले, “सूचना पोचल्याचे कळले. हा हिरवा मात्र आपल्याकडे कोणत्याही कागदावर छापता येणार नाही.”