दुसऱ्याच्या पिंडाचा कावळा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पळसदरीच्या एका म्हातारीच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. शिवल्याचं मी दाखवलं.

लग्नं, कीर्तनं लाइव्ह दाखवणं हा माझा धंदा. आता दहावंही दाखवावं लागतं, मुलं परदेशात असतात. या म्हातारीचा एकुलता एक मुलगा तिच्या आजारपणातही येऊ शकला नव्हता. क्रियेला पुतण्या बसला. मुलाने मला फोनवर सांगितलं होतं, "काका, बाकी नाही दिसलं तरी चालेल. कावळा तेवढा दाखवा. आईचं मन कशात अडकलंय का, मला कळलं पाहिजे."

माणसं जवळ असली की कावळा बिचकतो. म्हणून पिंड नदीतल्या खडकावर ठेवून सगळे करंजाच्या आडोशाला बसले. खडकापाशी मी कॅमेरा लावला होता. त्याचं चित्र वायरीशिवाय, नेटवर्कवरून लॅपटॉपवर यायचं. आलं नाही. आदल्या दिवशी सॉफ्टवेअरने अपडेट करू का विचारलं, मी हो म्हटलं होतं. नव्या सॉफ्टवेअरला जुनं प्लगइन, म्हणजे कॅमेरा त्याला जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम, चालेना. यादीतून त्या कॅमेऱ्याचं नावच गेलेलं, उरली नुसती काळी चौकट. फोनच्या नेटवर नवं प्लगइन उतरवलं, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. तरी काळंच. मग कळलं, त्याच्या जोडीला आणखी एक फाइल लागते. ती काही उतरेना.

पुतण्या हात जोडून म्हातारीला कबूल करत होता, गाय सांभाळीन, कुंपण घालीन. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय ओ, आमच्या काकीला रेंज नाय काय?" दोघं-चौघं हसले.

फोनवरून मुलगा म्हणाला, "काका, काळंच दिसतंय. मी आलो नाही म्हणून येत नसेल का तो?"

माझं बंद पडलंय, एवढंच मला म्हणायचं होतं. ते सोडून मी लॅपटॉपमधले जुने तुकडे उघडले. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायला कुंभिवलीच्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याचा तुकडा माझ्याकडे होता. तसाच खडक, तशीच पत्रावळ. तो लावला.

कावळा उतरला, भाताला चोच मारली. फोनमधून रडणं ऐकू आलं. पुतण्याने वाकून स्क्रीन पाहिली आणि उठला. "शिवला रं. चला." कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून शिववतात. गुरुजी तो वळायला घेत होते, त्यांनी दर्भ खाली ठेवला. खडकाकडे कुणी पाहिलंही नाही.

सगळे गेल्यावर मी कॅमेरा काढायला गेलो. भाताचं एक शीत हललं नव्हतं.

संध्याकाळी घरच्या वायफायवर ती फाइल लगेच उतरली. काळी चौकट उघडली आणि तिच्यात माझ्याच घराची भिंत दिसू लागली. मी ती बघत बसलो.

म्हातारीचं मन कशात होतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी जरा थांबलो असतो तर कुणीतरी फोन पिंडाकडे धरला असता, आणि मुलानेच कबूल केलं असतं, आई, मी येतो. मी ती वेळच येऊ दिली नाही. तो अजून आलेला नाही. आई समाधानाने गेली, मग कशाला येईल? घराला कुलूप आहे. दर वर्षी तिथीला त्याचा मेसेज येतो, तो तुकडा परत पाठवाल का. मी पाठवतो.

तुझ्या आईचा कावळा आला नव्हता, एवढं एक वाक्य मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.