ठकुबाई पाण्यातून आली

ठकुबाईच्या रागाची ख्याती विंझरच्या बाजारापर्यंत होती. मापात मारणाऱ्या भाजीवाल्यापासून थांब्यावर गाडी न थांबवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना तिचा प्रसाद मिळालेला. पण त्या सोमवारी सकाळी तीन म्हशी घेऊन ती पाण्याकडं उतरणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी आली आणि म्हशींसकट जागीच अडली. समोर काटेरी तार होती. चार पदरी, नव्याकोऱ्या खांबांवर ताणलेली. तारेपलीकडे उतार आणि उताराखाली धरणाचं पाणी.

फाटकाशी तिच्या चुलतदिराचा गोरख खुर्ची टाकून बसला होता. अंगात रखवालदाराचा निळा शर्ट.

"ही वाट कुणी आडवली रं?"

"सायबांनी, काकी. मानसिंगआबांची जागा त्यांनी घेतली न्हवं का. पुण्यावनं पाव्हणे येत्यात, तंबूत ऱ्हात्यात. म्हशी आल्या की त्यास्नी वास येतो."

"जागा मानसिंगची. वाट काय त्याच्या बापाची व्हती?"

गोरखच्या घरात कमावणारा तो एकटाच. हे ठाऊक असल्यामुळं ठकुबाईला त्याला धड शिव्याही देता येईनात, आणि त्यानं तिचं डोकं जास्तच तापलं.

फाटकावर पाटी होती. ठकुबाई चौथी शिकलेली. तिनं अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि घरी येऊन सुनेला विचारलं, "सारिके, 'लेक व्ह्यू' म्हंजी काय गं? कुणाची लेक?"

"लेक म्हंजी तळं, आत्याबाई. तळ्याचा देखावा."

"तळं?" ठकुबाईनं हातातली बादली आपटली. "आमचं गाव बुडवून तळं झालं व्हय!"

तिचं लग्न झालं ते खालच्या गावात. सहा वर्षं तिथं नांदली. मग धरण बांधून झालं, दारं बंद झाली आणि एका पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागलं. बदली जमीन मिळाली ती लांब, बारामतीच्याही पलीकडं. तिचा नवरा भिमा ती बघून आला. तिथं दुसराच कुणी बाजरी पेरून बसला होता आणि हातात काठी घेऊन उभा होता. भिमा परतला, वर डोंगराच्या कडेला चार पत्रे ठोकले आणि दोघं तिथंच राहिली. पाणी कालव्यानं खालच्या मुलखात जायचं, उसाला. वरच्या वाडीला चैत्रात टँकर यायचा. नऊ वर्षं ठकुबाई धरणाकडं पाठ करून वावरली. धुणंसुद्धा ओढ्यावर धुवायची.

मग एका उन्हाळ्यात भाकड म्हैस पाण्यात शिरली ती बाहेर येईना. भिमा वेल्ह्याला गेलेला. ठकुबाई लुगड्याचा काष्टा मारून तिच्यामागं उतरली, शेपूट धरलं, आणि म्हैस तिला घेऊन सरळ आत गेली. पायाखालची जमीन सुटली. ओरडायलाही दम उरला नाही. पण मधे कुठंतरी भीती गेली. ऊन पाण्यावर पडलेलं, अंग हलकं झालेलं, खांद्यावरचं सगळं ओझं कुणी काढून घेतल्यासारखं. ती हसली. आपलं घर गिळणाऱ्या पाण्यात आपण हसलो, याचा तिला इतका राग आला की दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. महिन्याभरात शेपटाशिवाय पोहायला लागली. भिमा वारला त्या वर्षीही ती जायची. माणसांत रडता येत नसे, पाण्यात येई.

आणि आता तिथं तार.

मंगळवारी सकाळी तिनं म्हशी ओढ्याच्या अंगानं खाली नेल्या. डोंगराची एक सोंड पाण्यात गेली होती, तिच्या पलीकडं तंबूवाल्यांचा काठ. तार पाण्याशी संपत होती. तिनं म्हशी पाण्यात घातल्या, मागून आपण शिरली, सोंडेला वळसा घालून पलीकडं निघाली.

काठावर वीसेक माणसं चटयांवर डोळे मिटून बसली होती. समोर एक बाई मऊ आवाजात सांगत होती, "या पाण्याचे आभार माना. ते काही न मागता देतंय."

पहिली म्हैस बाहेर आली आणि अंग झाडलं. चटया भिजल्या, माणसं धडपडत उठली. मागून निथळत ठकुबाई आली. तंबूंचा मालक स्वरूप, तिशीतला पोरगा, धावत आला. "आजी, इथं सेशन चाललंय. लोक लांबून येतात."

"मी बी लांबनंच आले. वाट तुमीच लांब केली." मग ती चटईवरल्या माणसांकडं वळली. "आभार पान्याचं कशाला मानता? पानी फुकट न्हाई आलं. साठ घरं उठली तवा ह्ये साठलं. मानायचं तर त्येंचं माना. त्येंच्यातली निम्मी कुठं गेली, कुणाला ठावं न्हाई."

शिवानी नावाची एक मुलगी तेवढी पुढं आली. "पण तुम्हाला इथं राहून आनंद होत नाही का?"

"व्हतो," ठकुबाई म्हणाली. "लई व्हतो. म्हनून तर डोस्कं फिरलंय."

स्वरूपनं दुपारी निरोप धाडला, की आजींनी दर रविवारी पाहुण्यांना जुन्या गावाच्या गोष्टी सांगाव्यात. ठकुबाईनं निरोप्यालाच हाकललं. ती आणि शेजारची बनाबाई वाटेच्या तक्रारीसाठी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत पाच खेपा घालून आल्या. शेवटी एका कारकुनानं जुना नकाशा काढला. तारेच्या जागेतून गाडीवाट जात होती, थेट बुडालेल्या गावाला.

तो हसला. "मावशी, ही वाट जाते ते गावच नाही आता."

"गाव न्हाई. वाट हाय न्हवं? लिवा मग."

त्यानं लिहिलं. मोजणी झाली, तार दहा फूट मागं सरली, वाट मोकळी झाली. गोरखनंच खांब उपटले, त्याची नोकरीही राहिली. तंबू राहिले, पाटीही राहिली. ठकुबाई येता-जाता पाटीकडं बघून थुंकते.

यंदा पाणी उतरल्यावर तिनं सारिकाला काठाशी आणलं. सारिका गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून ठकुबाईचा दंड सोडीना.

"आत्याबाई, बुडंन मी."

"बुडायचं व्हतं ते बुडलंय कवाच. पाय मार," ठकुबाई खेकसली, आणि तिच्या पोटाखाली हात धरून तिला आडवं केलं.